शालू उतरवण्याची अट

पुरुषाने शालू नेसून रंगमंचावर येण्याचे अप्रूप आम्हा सांगलीकरांना कधीच नव्हते. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने येथे ‘सीता स्वयंवर’ उभे केले, तेव्हा सीतेचे सोंग पुरुषानेच घेतले होते. पुढे १९०५ साली, येथून हाकेच्या अंतरावर असलेल्या मिरजेत, नारायण श्रीपाद राजहंस नावाचा सतरा वर्षांचा मुलगा किर्लोस्कर मंडळीच्या ‘शाकुंतला’त शकुंतला होऊन उभा राहिला आणि त्यानंतरची कित्येक वर्षे महाराष्ट्रातील बायका त्याच्यासारखे पातळ नेसू लागल्या, त्याच्यासारखे दागिने घडवू लागल्या. आमच्या भागात बालगंधर्वांचे नाव निघाले की हे सारे अभिमानाने सांगितले जाते, आणि तो अभिमान रास्तच आहे.

म्हणूनच दूरचित्रवाणीवर झगमगीत स्त्रीरूपात गाणाऱ्या राणी कोहेनूर यांना पाहून ‘हे पाश्चात्त्य खूळ आपल्याकडे कुठून आले’ असे कोणी म्हणू लागले की त्याला बालगंधर्वांचा दाखला देऊन गप्प करण्याची आमच्या मित्रमंडळींत पद्धत आहे. तो दाखला मला अपुरा वाटतो, किंबहुना तो खरी अडचण झाकून टाकतो, असे माझे मत आहे. बालगंधर्व रंगपटात परतले की नथ आणि गंगावन उतरत असे आणि धोतर-कोट-टोपीतले नारायणराव बाहेर पडत. प्रेक्षकाला हे ठाऊक होते आणि त्या ठाऊक असण्यातच त्याचा निर्धास्तपणा होता. राणी कोहेनूर यांनी हा निर्धास्तपणा काढून घेतला. दागिने आणि टोप त्यांचेही उतरतात. मात्र ते उतरल्यावर मागे पुरुष उरत नाही, हे त्यांनी उघडपणे सांगितले.

ज्यांना हे नाव नवे आहे त्यांच्यासाठी थोडी माहिती देणे आवश्यक आहे. त्या मुंबईच्या, सुशांत दिवगीकर या नावाने त्या प्रथम लोकांसमोर आल्या. २०१४ साली त्यांनी ‘मिस्टर गे इंडिया’ हा किताब मिळवला. त्याच्या थोडेच आधी, डिसेंबर २०१३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ पुन्हा जिवंत केले होते. म्हणजे ज्या ओळखीबद्दल किताब मिळाला तीच ओळख त्या वर्षी कायद्याच्या धाकाखाली होती. त्याच वर्षी ‘बिग बॉस’च्या आठव्या पर्वातून त्या घराघरांत पोहोचल्या. त्यानंतर ड्रॅगच्या, म्हणजे अतिशयोक्त साजशृंगारात बहुधा स्त्रीरूप उभे करण्याच्या कलेच्या, मंचावरील ‘राणी कोहेनूर’ हे रूप आकाराला आले आणि २०१८ साली, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ ची ती धार काढून टाकली त्याच वर्षी, ‘सा रे ग म प’च्या हिंदी मंचावर हे रूप घेऊन त्या गायल्या. एकाच गाण्यात, एकाच गळ्यातून, पुरुषाचा आणि स्त्रीचा असे दोन्ही आवाज लोकांनी ऐकले. २०२१ च्या अखेरीस ‘क्वीन ऑफ द युनिव्हर्स’ या ड्रॅग कलावंतांच्या आंतरराष्ट्रीय गायनस्पर्धेत त्या भारताच्या वतीने उतरल्या, आणि २०२२ मध्ये आपण पारलिंगी (ट्रान्सजेंडर) स्त्री आहोत असे त्यांनी जाहीर केले.

या कलेत किती कष्ट आहेत याविषयी आपल्याकडे फारसे बोलले जात नाही, म्हणून येथे थोडे थांबतो. ज्याने गाण्याचा थोडाफार रियाज केला आहे त्याला हे सहज उमजेल की खर्जातला भरीव आवाज लावून पुढच्याच ओळीला वरच्या पट्टीतील पातळ आवाजात जाणे, आणि जाताना सांधा न दिसू देणे, ही गळ्याची अवघड कसरत आहे. श्रुती ढळली तर दोन्ही आवाज पडतात. त्यात कंबर आवळून बांधलेली असते, त्यामुळे पोटातून श्वास घ्यायला जागा राहत नाही. डोक्यावर टोपाचे आणि अलंकारांचे ओझे असते, पायात उंच टाचा असतात, आणि प्रखर दिव्यांखाली रंगभूषा वितळू न देता चेहऱ्यावरचा भाव टिकवायचा असतो. संगीत नाटकातील स्त्रीपार्टी नटांनी हेच कष्ट सोसले होते, आणि त्यांच्या कष्टांना आपण ‘साधना’ म्हणतो.

२०१८ मध्ये माझ्या ओळखीच्या पुष्कळ मंडळींनी राणींचे तोंड भरून कौतुक केले होते. ‘पुरुष आहे हे ओळखूच येत नाही’ हे त्या कौतुकाचे सार होते. २०२२ नंतर त्यांतल्याच काहींच्या तोंडी ‘बाईच असेल तर मग यात कला ती कसली’ असा प्रश्न आला. गळा तोच होता, रियाज तोच होता, शृंगार तोच होता. तरीही प्रेक्षकाच्या लेखी कलेची किंमत उतरली, कारण त्याने टाळ्या गायनाला दिल्याच नव्हत्या, त्या फसव्या रूपाला दिल्या होत्या. एखादी अभिनेत्री राणी लक्ष्मीबाईंची भूमिका करते तेव्हा ‘बाईने बाई रंगवण्यात कला ती कसली’ असे तिला कोणी विचारत नाही. राणी कोहेनूर हे मंचावरचे एक पात्र आहे, वास्तवापेक्षा मोठे, झगमगीत आणि जाणूनबुजून अतिशयोक्त केलेले. ते पात्र उभे करणारी व्यक्ती स्त्री असली म्हणून पात्र उभे करण्याचे काम सोपे होत नाही.

शालू उतरल्यावर मागे पुरुषच उरला पाहिजे, ही अट केवळ आमच्या गावगाड्याची आहे असे समजून स्वतःला दोष देण्याचीही गरज नाही. अमेरिकेत २००९ पासून चाललेल्या ‘रुपॉल्स ड्रॅग रेस’ या ड्रॅग कलावंतांच्या सर्वांत गाजलेल्या दूरचित्रवाणी स्पर्धेत सुरुवातीला हीच अट न लिहिता पाळली जात होती. २०१३ साली मोनिका बेव्हर्ली हिल्झ या स्पर्धकाने परीक्षकांसमोर उभे असतानाच आपण पारलिंगी स्त्री असल्याचे सांगितले, तेही रडत. २०१७ साली पेपरमिंट ही कलावंत पारलिंगी स्त्री म्हणून उघडपणे स्पर्धेत उतरली आणि अंतिम फेरीपर्यंत गेली. असे असूनही पुढच्याच वर्षी खुद्द रुपॉल यांनी एका मुलाखतीत, ड्रॅग करणारा पुरुष नसेल तर ड्रॅगमधला धोका आणि उपहास निघून जातो, अशा आशयाचे विधान केले. त्यावर बराच गदारोळ झाला आणि त्यांना माफी मागावी लागली. २०२१ मध्ये स्पर्धेच्या आरंभीची ‘जंटलमेन’ ही साद बदलून ‘रेसर्स’ अशी करण्यात आली, त्याच वर्षी ‘ऑल स्टार्स’ स्पर्धेत कायली सोनिक लव्ह ही पारलिंगी स्त्री जिंकली, आणि २०२३ मध्ये हवाईची साशा कोल्बी मुख्य स्पर्धेची विजेती ठरली. ज्या लोकांनी ही कला दूरचित्रवाणीवर आणली, त्यांनाही स्वतःची अट सोडायला बारा-चौदा वर्षे लागली.

आपल्याकडे या अटीला आणखी एक पदर आहे आणि तो अधिक बोचरा आहे. बालगंधर्वांची शकुंतला कुलीन होती, म्हणून तिला मान मिळाला. तमाशाप्रधान चित्रपटांत नाच्याची भूमिका वर्षानुवर्षे करणारे कोल्हापूरचे गणपत पाटील संसारी गृहस्थ होते. त्यांच्या वाट्याला मात्र पडद्याबाहेरही टवाळी आली. साताऱ्या-सांगलीच्या जत्रांत गवळणीतली मावशी पाहून हसणारी माणसे त्या मावशीला तंबूबाहेर चहाला बोलावत नसत. बायकी वागणाऱ्या पुरुषाला हसायचे आणि कुलीन स्त्रीचे रूप घेणाऱ्या नटाला पुजायचे, या दोहोंच्या मध्ये पारलिंगी कलावंताने उभे राहायचे कुठे, याचा विचार आपल्या रंगपरंपरेने फारसा केलेला दिसत नाही. (सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगराला जाणारे आणि देवीचा जग, म्हणजे तिचा मुखवटा बसवलेली टोपली, डोक्यावर घेऊन स्त्रीवेषात नाचणारे जोगते आमच्या जिल्ह्यात सर्वांच्या परिचयाचे आहेत, त्यांच्यासमोर आपण हात जोडतो, पण त्यांच्या नृत्याला नृत्य म्हणत नाही. शेजारच्या कर्नाटकाने पारलिंगी नर्तकी मंजम्मा जोगती यांना लोककलांच्या जनपद अकादमीचे अध्यक्षपद दिले आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा कोठे त्या नाचाला कला म्हणण्याची सोय झाली.)

मराठी वाहिन्यांनी काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. गंगा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पारलिंगी कलावंत ‘युवा डान्सिंग क्वीन’च्या मंचावर नाचल्या आणि पुढे ‘कारभारी लयभारी’ या मालिकेत त्यांना नियमित भूमिका मिळाली. मला त्यांतले दुसरे अधिक मोलाचे वाटते. नृत्यस्पर्धेत पारलिंगी स्पर्धक आला की आधी त्याची दुःखद कहाणी सांगणारी चित्रफीत लागते, मागे बासरी वाजते, परीक्षकांचे डोळे पाणावतात, आणि नाच कसा झाला हे सांगायला वेळच उरत नाही. मालिकेत मात्र रोज सेटवर जावे लागते, संवाद पाठ करावे लागतात, महिन्याचे मानधन मिळते आणि काम नीट झाले नाही तर दिग्दर्शक ओरडतो. कलावंताचे करिअर घडते ते अशा कामावर. एका भागापुरत्या सहानुभूतीवर ते चालत नाही. विनोदी कार्यक्रमांत साडी नेसलेले पुरुष आपण आठवड्यातून दोनदा पाहिले आहेत. ‘चला हवा येऊ द्या’तल्या भाऊ कदम आणि सागर कारंडे यांच्या स्त्रीभूमिकांना मीही मनापासून हसलो आहे आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. तथापि एवढी स्त्रीपात्रे पुरुषांकडून करवून घेणाऱ्या वाहिन्यांना एखाद्या पारलिंगी विनोदी कलावंताला कायमची जागा द्यावीशी वाटू नये, याचे मला नवल वाटते.

वाहिन्यांचे निर्णय मुंबईत होतात आणि त्यावर आपला इलाज नाही. सांगलीत जे करता येईल ते मात्र लहानसे आणि निश्चित आहे. हौशी मराठी राज्य नाट्य स्पर्धेचे आपले केंद्र भावे नाट्यमंदिरात रंगते, आणि त्या स्पर्धेत अभिनयाची रौप्यपदके पुरुष आणि स्त्री अशा दोन याद्यांत दिली जातात. उद्या आपल्याच जिल्ह्यातील एखादी पारलिंगी मुलगी नायिका म्हणून उभी राहिली तर तिचे नाव कोणत्या यादीत येईल, हा प्रश्न मी काही नाट्यमित्रांना विचारला. अनेकांचे म्हणणे पडले की अशांसाठी तिसरी यादी असावी. हेतू चांगला असला तरी मला ते पटले नाही. तिसऱ्या यादीत बहुधा एकच नाव असेल, आणि एकट्या स्पर्धकाला मिळालेल्या पदकाचे वजन सगळे प्रेक्षक ओळखून असतात. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा अधिकार मान्य केला आहे. तेव्हा प्रवेशअर्जातील रकाना तिने स्वतः भरावा, परीक्षकांनी तिचे गुण स्त्रियांच्या यादीत लिहावेत, आणि तिने इतर अभिनेत्रींपेक्षा वाईट काम केले असेल तर पदक बिनदिक्कत दुसरीला द्यावे.