निवडणूक त्यांची, गंज आमच्या बंदुकीला

निवडणुकीची आचारसंहिता लागली रे लागली की आम्हा परवानाधारकांना पोलीस ठाण्यातून फोन येतो, "हत्यार जमा करा, उद्यापर्यंत." कुणाच्या सहीने, कशासाठी, विचारायची सोय नाही. अहो, सरसकट सगळ्यांची हत्यारं गोळा करा असं निवडणूक आयोगही सांगत नाही! छाननी समितीने एकेक परवाना बघायचा. जामिनावर सुटलेला, गुन्हे दाखल असलेला, मागच्या निवडणुकीत राडा घातलेला, असल्यांची घ्या ना खुशाल. स्पर्धेत उतरणाऱ्या, एनआरएआयचं (राष्ट्रीय रायफल संघटनेचं) सदस्यत्व असलेल्या नेमबाजांना तर सूट आहे. पण फाइली उघडायचे कष्ट कोण घेणार? यादी काढली, फोन फिरवले, काम झालं.

२०२४ आठवा. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता, नाशिकचं मतदान २० मे, निकाल ४ जून. बंदूक परत मिळायची निकालानंतर आठवडा गेल्यावर. म्हणजे जवळपास तीन महिने निफाड-दिंडोरीकडच्या एकट्या वस्तीवरचा माणूस राखणीला काठी घेऊन. (बिबट्याचं नाव काढू नका, तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमध्ये आहे, त्याच्यावर बंदूक रोखायची नसतेच.) परत येते तोवर मृगाचा पाऊस. आणि १५ ऑक्टोबरला विधानसभेची घोषणा, पुन्हा तीच वरात.

जमा करण्याचंही एक वेळ चालवून घेऊ. पण ठाण्यात ठेवतात कशी? चामड्याच्या किंवा फोमच्या कव्हरात, चेन लावून, कोपऱ्यात एकीवर एक रेललेल्या. चामडं हवेतला ओलावा ओढतं, त्यात कमावण्याचे क्षार असतात. नळी जिथे कव्हराला टेकते तिथेच आधी तांबूस ठिपके. वरून दहाजणांनी हाताळलेली. घामातलं मीठ ब्ल्यूइंग, म्हणजे नळीवरचा निळसर-काळा संरक्षक थर, खातं, बोटांचे ठसे गंजून तसेच उमटतात. वरचा गंज बारीक स्टीलवूल आणि तेलाने निघतो एक वेळ. चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, खड्डे पडले की संपलं. झाडलेलं काडतूस तिथे अडकायला लागतं.

आणि ती हौस! बिनघोड्याची (बाहेर घोडे न दिसणारी) डबल बार, म्हणजे दुनळी, दिसली की उघड, मीट, चाप ओढ. अरे, ती उघडली की आतले घोडे चढतात, रिकाम्या चेंबरवर चाप ओढला की फायरिंग पिनवर, म्हणजे काडतुसावर आपटणाऱ्या खिळीवर, ताण येतो. डमी (नकली) काडतुसं घालून, त्यांच्यावर चाप ओढून, स्प्रिंग ढिली करून द्यायची, तर पहिल्या दहा मिनिटांत कुणीतरी ती काढून टेबलावर ठेवतो.

म्हणून देतानाच शहाणं व्हा. नळी कोरडी पुसून आतबाहेर तेलाचा पातळ हात फिरवा, पातळच. जास्त झालं की ते ओघळून दस्त्याच्या लाकडात मुरतं आणि लाकूड मऊ पडतं. चामड्याचं कव्हर घरी ठेवा, सुती खोळीत द्या, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. धूळ जाऊ नये म्हणून नळीत कापसाचा बोळा अजिबात नको. तो ओल धरतो, आणि काढायचा विसरून बार टाकला तर नळी फुगते किंवा फाटते. सगळ्या बाजूंनी फोटो, नंबर स्पष्ट दिसेल असे.

पोहोच घेताना "एक नग बंदूक" एवढं लिहिलेलं चालवून घेऊ नका. नळी, ॲक्शन (चाप-घोड्यांची यंत्रणा असलेला भाग), नळीखालचं पुढचं लाकूड, तिन्हींचे नंबर लिहून घ्या. ते पुढचं लाकूड सुटं निघतं, म्हणून तेच हरवतं किंवा दुसऱ्याच्या बंदुकीला जाऊन बसतं, आणि मग घट्ट बसत नाही म्हणून आपण कारागिराच्या दारात. काडतुसं कोणत्या बोरची, किती छऱ्याची, नग किती, तेही. परवानाधारक विक्रेत्याकडेही जमा करता येते. भाडं जातं, पण तिथे निदान रॅक असतो. हे फोनवर कुणी सांगत नाही, आपणच विचारायचं.

परत घेताना म्हणतील, "घ्या, चकचकीत आहे, सही करा." बाहेरून चकचकीतच दिसणार! उघडा, नळ्या उजेडाकडे धरा, दोन्ही. चेंबरवरून बोट फिरवा, नंबर जुळवा, काडतुसं मोजा, पितळी बुडाला हिरवट चढलंय का बघा. गंज दिसला तर पोहोचेवरच लिहायला लावा. सही त्यानंतर. मागे रांग खोळंबली तर खोळंबू दे.