बाराशे किलो काही नाही

वादळ रात्रभर घोंघावलं आणि पहाटे कधीतरी थांबलं. ते थांबलं म्हणूनच मला जाग आली. ताज्या बर्फात हवेच्या इतक्या पोकळ्या असतात की तो आवाज गिळतो, हे मी कुठेतरी वाचलं होतं. हप्ते चालू असलेली गाडीही तो गिळतो, हे खिडकीचा पडदा सारल्यावर कळलं. दारापासून रस्त्यापर्यंत सगळं पांढरंशुभ्र, एकसपाट. मधे फक्त एक टेंगूळ होतं. ती आमची गाडी.

"काय सुंदर दिसतंय ना!" बायको म्हणाली.

"फावडं कुठाय?" मी विचारलं.

"गाडीच्या डिकीत. तूच ठेवलंयस, वादळ येणार म्हणून."

मग कपडे. एका जाडजूड कोटापेक्षा तीन-चार थर बरे, कारण ऊब कापडात कमी आणि मधल्या हवेत जास्त असते. अंगालगत सुती नको, ते घाम धरून बसतं. हे सगळं मी इतक्या निष्ठेने पाळलं की आरशात एक वळकटी उभी राहिली. उंबरठा ओलांडल्यावर आठवलं, की गाडीची किल्ली दुसऱ्या थराच्या खिशात आहे आणि मोबाइल त्याच्याही आत, पहिल्याच्या. किल्लीसाठी पुन्हा सोललो गेलो. मोबाइल म्हटलं राहू दे.

पुढचा पाऊण तास मी केर भरायच्या सुपलीने डिकीपर्यंत बोगदा खणला. त्या पाऊण तासाबद्दल जास्त बोलणार नाही.

फावडं हाती आल्यावर कोपऱ्यात उभं राहून हिशेब केला, आणि तिथेच चुकलं. वाट 10 मीटर लांब, 3 मीटर रुंद, बर्फ 40 सेंटिमीटर. म्हणजे 12 घनमीटर. ताजा कोरडा बर्फ घनमीटरला साधारण 100 किलो धरला, तर 1200 किलो. एका लहान गाडीचं वजन साधारण एवढंच भरतं. म्हणजे गाडी बाहेर काढण्यासाठी मला आधी एक गाडी चमच्याचमच्याने उचलायची होती.

याच बर्फावर 1611 साली केप्लर या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने एक पुस्तिका लिहिली. खिशात दमडी नाही आणि आश्रयदात्याला नववर्षाची भेट तर द्यायचीय, तेवढ्यात अंगरख्यावर हिमकण पडले. लॅटिनमध्ये बर्फ म्हणजे 'निक्स' आणि त्याच्या जर्मन बोलीत 'निक्स' म्हणजे 'काही नाही'. झालं! 'काही नाही' भेट दिलं, आणि त्याला सहाच कोपरे का असतात यावर चिंतन केलं. चिंतन उत्तम आहे. पण दारातली वाट त्या सकाळी कोणी साफ केली, याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. मला दाट संशय आहे.

दहाव्या फावड्याला शेजारचे काका कुंपणाशी आले. "उचलताय कशाला? ढकला! आणि इंजिन सुरू करण्याआधी धुराडं मोकळं करा, नाहीतर विषारी वायू आत भरतो." दोन्ही सल्ले अगदी योग्य होते. फक्त त्यांच्या स्वतःच्या हातात फावडं नव्हतं, वाफाळता कप होता.

तेवढ्यात पोरं आली. उणे 12 तापमान, पावलाखाली बर्फ करकर वाजत होता. मी त्यांना समजावलं, "असल्या थंडीत गोळा होत नाही, बर्फाला जरा ओल लागते, शून्याच्या आसपासचा हवा." त्यांना ते पटलं. गोळा न करता त्यांनी भुकटीच मुठीने माझ्या कॉलरीत ओतली. गोळा निदान आपटून बाजूला पडतो. भुकटी चारही थरांची चौकशी करत खाली जाते.

दुपारी ऊन पडलं. ताजा बर्फ 80 टक्क्यांहून जास्त प्रकाश परत फेकतो, त्यामुळे ऊन वरून लागतं आणि खालूनही. नाकपुड्या आतल्या बाजूने भाजलेला मनुष्य त्या दिवशी आमच्या गल्लीत मी एकटाच असेन.

चारच्या सुमारास शेवटचं फावडं टाकलं. वाट स्वच्छ, गाडी मोकळी, धुराडंही मोकळं. कौतुकाने दोन पावलं मागे सरलो, तोच रस्त्यावरून बर्फ लोटणारी गाडी घरघरत गेली आणि अख्ख्या गल्लीचा बर्फ माझ्या वाटेच्या तोंडाशी रचून गेली. हा दाबलेला, खडीसारखा बर्फ. घनमीटरला किती किलो, हा हिशेब मी केला नाही. चालकाने मला हात केला. सवयीने मीही केला.

अंधार पडल्यावर घरात आलो, सोलत सोलत पहिल्या थरापर्यंत पोचलो. मोबाइलवर ऑफिसचा निरोप होता, सकाळी सातचा: रस्ते बंद, आज कोणी येऊ नये.

त्याच मोबाइलवर आईचा फोन आला. "काय केलंस रे आज दिवसभर?"

"काही नाही."

"मग कण्हतोयस कशाला?"