मोजप्पा

आमच्या बेळगावात गल्ल्यांना तोटा नाही. गणपत गल्ली, मारुती गल्ली, रामदेव गल्ली. त्यामुळे चार वर्षांच्या नातवानं ‘गल्ली गल्ली सिम सिम’ मागितलं तेव्हा मला ती शहापुराकडची एखादी गल्ली वाटली. निघाली ती बाहुल्यांची मालिका! अमेरिकेतल्या ‘सेसमी स्ट्रीट’चा २००६ सालचा हिंदी अवतार. शाळेच्या गणवेषातली चमकी आणि गुलाबी सिंह बूंबा मोबाइलवर दिसल्याशिवाय चिरंजीव घास गिळेनात. डॉक्टरांनी मोबाइल बंद करायला सांगितला. सून म्हणाली, “अण्णा, तुम्हीच करा की बाहुली.”

मुलाचा जुना फुटबॉलचा मोजा घेतला, शर्टाची दोन बटणं डोळे म्हणून टाचली. मोज्याचा झाला म्हणून, आणि घास मोजणार म्हणूनही, नाव ठेवलं मोजप्पा. अर्धं मराठी, अर्धं कानडी. इथं तेच चालतं.

तोंड हलवणं ही सोपी गोष्ट नव्हे. आपण बोलताना खालचा जबडा हलवतो, म्हणून अंगठा खाली पाडायचा. वरची बोटं उचलली तर बाहुली दर शब्दाला आभाळाकडं बघते. माझा मोजप्पा पहिले आठ दिवस पाऊस येतोय का बघत होता. खरे कलाकार हात डोक्यावर धरून समोरच्या मॉनिटरमध्ये बघत काम करतात. मी जेवणाच्या टेबलाआड बसून स्टीलच्या तांब्यात बघतो. त्यात मोजप्पा बरा दिसतो, मीच सुजलेला.

दुखऱ्या दंडाला सहानुभूती मिळावी म्हणून मी बायकोला ‘सेसमी स्ट्रीट’मधल्या बिग बर्डची हकिकत सांगितली. आठ फुटांहून उंच पिवळा पक्षी. आत कॅरोल स्पिनी हा गृहस्थ उजवा हात वर ताणून त्याचं डोकं हलवायचा, तेही वयाची ऐंशी ओलांडेपर्यंत. ती म्हणाली, “मग तुम्हाला सत्तरीत काय धाड भरली?”

खरं दुखणं दंडाचं नाहीच. १९६९ मध्ये ती मालिका सुरू होण्याआधी काही भाग मुलांना दाखवून पाहिले होते. तज्ज्ञांच्या सल्ल्यावरून रस्त्यावरच्या प्रसंगांत नुसती माणसं ठेवली होती, बाहुल्या वेगळ्या. माणसं आली की पोरांचं लक्ष उडे. मग माणसांतच बाहुल्या सोडल्या. आमच्याकडं हा प्रयोग रोज दोन वेळा होतो. मी म्हणतो, “बाळा, आ कर.” भिंत ऐकेल, हा नाही. तेच मोजप्पा म्हणाला की तोंड उघडतं. माझे ओठ हलताना त्याला स्वच्छ दिसतात, तरीही!

घास मोजताना मात्र मोजप्पाची परीक्षा होते. विसाच्या पुढं गाडी अडते. माझं एकवीस, शाळेतलं ट्वेंटी वन, शेजारच्या अक्कांचं इप्पत्तोंदु. पलीकडं महाराष्ट्रात २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला! इथं कानडीत बिचारे पिढ्यान्‌पिढ्या ‘वीस एक’च म्हणताहेत, कुणाचं पोट दुखलं नाही. शेवटी नातवानंच निकाल दिला, “अज्जा, तू गप. मोजप्पाला येतंय.”

आता घरातले सगळेच परस्पर त्याच्याशी बोलतात. परवा सून भात वाढता वाढता म्हणाली, “मोजप्पा, अण्णांना बीपीची गोळी घ्यायला सांग बाई.” मी त्याच्याच तोंडून म्हटलं, “घेतली म्हणतायत.”

नातवानं भातानं भरलेलं तोंड माझ्याकडं वळवलं. मग टेबलाखाली वाकून माझ्या बीपीच्या गोळीसारखीच एक पांढरी गोळी उचलली आणि मोजप्पासमोर धरली.

“मोजप्पा, आ कर.”