जर्मन पात्याला चुंबक चिकटतोच

‘अस्सल जर्मन पॉकेट नाइफ असा ओळखा’ हा मजकूर सध्या या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. त्यात चार दावे आहेत. पात्याला लोहचुंबक चिकटला तर पोलाद हलक्या प्रतीचं. अस्सल पातं कधी गंजत नाही. ‘सोलिंगेन’ हे जर्मनीतल्या चाकूंच्या शहराचं नाव कोरलेलं असलं की जर्मन पोलादाची हमी. आणि पोलाद जितकं कडक तितका चाकू भारी. चारांतला एकही धड नाही, पहिला तर पार उलटा आहे.

स्वयंपाकघरातल्या चांगल्या स्टीलच्या डब्याला चुंबक चिकटत नाही, तिथूनच ही समजूत आली असणार. डब्याचं पोलाद निकेलवालं, १८/८ जातीचं, म्हणजे १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. जर्मनीतल्या एसेनच्या क्रुप कारखान्याने १९१२ साली पेटंट घेतलं ते याच घराण्याचं. गंजाला ते उत्तम तोंड देतं, पण लालबुंद तापवून बुडवलं तरी कडक होत नाही, मग धार कशी धरणार? चाकूच्या पोलादात कार्बन आणि क्रोमियम असतं, निकेल जवळपास नसतं. सोलिंगेनमध्ये सर्रास वापरलं जाणारं १.४११६ क्रमांकाचं पोलाद घ्या: कार्बन अर्धा टक्का, क्रोमियम १४-१५ टक्के. पाणी दिल्यावर, म्हणजे लालबुंद तापवून बुडवल्यावर, त्याची जी अंतर्गत रचना होते, तिला चुंबक खटकन चिकटतो. नाही चिकटला तर मात्र चाकू दुकानदाराला परत करा.

आता गंज. मर्केटर हा चपट्या काळ्या पत्र्याच्या मुठीचा, तिच्यावर मांजर कोरलेला चाकू सोलिंगेनचाच. त्याचं जुनं, लोकप्रिय रूप सी७५ या साध्या कार्बन पोलादाचं. त्याने कैरी कापून पातं न पुसता ठेवा, थोड्या वेळात निळसर-करडी छटा चढते. ओलंच मिटून ठेवलं तर तांबूस ठिपके. म्हणून तो नकली? असं पोलाद साध्या दगडावरही झटकन बारीक धार घेतं. कोकणातल्या पावसाळ्यात खिशात बाळगायचा असेल तर स्टेनलेसच घ्या, तो मुद्दा वेगळा.

सोलिंगेन हे नाव १९३८ पासून कायद्याने राखलेलं आहे. आजचा नियम १९९४ चा. उत्पादनाचे सगळे महत्त्वाचे टप्पे त्या परिसरात व्हायला हवेत आणि माल कामाला योग्य हवा, एवढं तो सांगतो. पोलाद जर्मनच हवं असं नाही. बोकर या चाकू कंपनीच्या सोलिंगेनमध्ये घडलेल्या कित्येक चाकूंत ऑस्ट्रियातल्या ब्योलर कंपनीचं एन६९० पोलाद असतं, आणि ते झकास आहे. त्याच बोकरची ‘मॅग्नम’ मालिका आशियात बनते. कंपनी ते लपवतही नाही. गंमत म्हणजे ‘मेड इन जर्मनी’ शिक्क्याचं मूळ ब्रिटनच्या १८८७ च्या कायद्यात आहे. जर्मन माल शेफील्ड या इंग्लंडमधल्या चाकूंच्या शहराच्या नावावर खपतोय, अशी तिथल्या चाकूवाल्यांची ओरड होती!

कडकपणाचा दावा निम्मा खरा, म्हणून जास्त फसवा. कडकपणा मोजतात रॉकवेल या मापात: १.४११६ साधारण ५५ ते ५७, एन६९० साठच्या आसपास. पूमा या जर्मन चाकू कंपनीच्या शिकारी चाकूंच्या पात्यावर तर कडकपणा मोजताना पडलेला बारीक खळगाच दिसतो. पण मऊ पात्याची धार वाकते, फार कडक पात्याची तुटते. पातं धार वर करून दिव्याखाली धरा. धड धार उजेड परतवत नाही. वाकली असेल तिथे चकचकीत रेघ दिसते, तुटली असेल तिथे ठिपके. रेघ दगडावर चार हात मारले की जाते, ठिपके घालवायला बरंच पोलाद झिजवावं लागतं.

आणि तेच १.४११६ एकाने नीट पाणी दिलेलं, दुसऱ्याने घाईत उरकलेलं असेल, तरी पात्यावर कोरलेलं नाव एकच. दुकानात हे कळत नाही. घरी दगडावर घासताना कडेला धातूची बारीक बर उठते. पाणी नीट बसलं असेल तर ती हलक्या हाताच्या चार-दोन फेऱ्यांत सुटून येते. घाईतल्या पात्याची बर चिवट असते, नुसती या बाजूची त्या बाजूला लवत राहते.