अर्धा एचपीचा ओपनवेल आणि चार फुटांचा धबधबा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका. ‘तीस वर्षं विहिरीवर मोटर चालवतोय’ असं तुम्हीच लिहिलंत, म्हणून काका म्हणतोय.

बागेतल्या तळ्यासाठी पंप कसा निवडावा या लेखावर तुम्ही मला चांगलंच झाडलंत. इतरांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. चार फुटांच्या धबधब्याला हेडचं (पाणी किती उंच चढवायचं, अधिक पाइपातलं घर्षण, याचं) गणित कशाला? अर्धा एचपीचा ओपनवेल (विहिरीत बुडवून चालवायचा पंप) टाकावा, पाणी जास्त वाटलं तर व्हॉल्व्हने दाबावं. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास पुरे. चोवीस तास पंप ही पुणेकरांची चैन. आणि शेवटी, ‘अकोल्याच्या उन्हाळ्यात मासे मरतातच, त्याला पंप काय करणार?’ तळ्याची मापंही दिलीत, हे फार बरं केलंत. आता हवेत बोलायला नको.

आधी बिलाचं बोलू, कारण तिथे तुमचीच बाजू वरचढ आहे. अर्धा एचपी म्हणजे शाफ्टवर, मोटरच्या फिरत्या दांड्यावर, ३७३ वॅट. पण एवढी लहान मोटर मीटरमधून साडेपाचशे-सहाशे वॅट ओढते. रोज दोन तास चालली तर महिन्याला ३५ युनिटच्या आसपास. मी सुचवतो तो ८० वॅटचा पंप दिवसरात्र चालला तर ५८ युनिट होतात. म्हणजे तुमची पद्धत स्वस्त आहे, वाद नाही. तळ्यात फक्त कमळं असती आणि पाहुणे आल्यावर धबधबा सुरू करायचा असता, तर मी हे उत्तर लिहिलंच नसतं.

पण तुमच्या तळ्यात मासे आहेत. आपल्याकडे पंप म्हटलं की डोळ्यांपुढे टाकी येते नाहीतर शेत. बटण दाबलं, टाकी भरली, बटण बंद. तळ्याच्या पंपाला असं संपणारं काम नाही. तेच पाणी फिरवत राहायचं, गाळणीतून न्यायचं आणि वरून पाडताना त्यात हवा मिसळायची. हे काम सतत चालतं हे एकदा धरलं की एचपी हा प्रश्नच मागे पडतो. ताशी किती लिटर आणि तेवढ्यासाठी किती वॅट, एवढेच दोन आकडे महत्त्वाचे उरतात. तुमचाच ओपनवेल चोवीस तास चालवायचा म्हटलं तर महिन्याला चारशे युनिटच्या घरात जाईल. म्हणून तुम्हाला तो दोन तासांवर आणावा लागला.

आता माशांचं. २० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांना तो साडेसातवर येतो. पाणी तापलं की माशाला प्राणवायू जास्त लागतो आणि पाण्यात तो असतो कमी. त्यात रात्री पाणवनस्पती आणि शेवाळ प्राणवायू सोडत नाहीत, उलट वापरतात. त्यामुळे सर्वांत वाईट वेळ येते सूर्योदयाच्या जरा आधी. तुमचा पंप त्या वेळी बंद असतो, आणि मेलेले मासे तुम्हाला सकाळीच सापडतात असं तुम्हीच लिहिलंय. तळं न बघता मी शिक्का मारणार नाही, पण नुसत्या उन्हाने मेले असते तर दुपारीही तरंगताना दिसले असते ना?

गाळणीचंही तेच. माशांच्या विष्ठेतून येणारा अमोनिया पचवणारे जिवाणू गाळणीतल्या स्पंजवर आणि खड्यांवर राहतात, आणि त्यांना प्राणवायू असलेलं वाहतं पाणी लागतं. प्रवाह कित्येक तास थांबला की आतलं पाणी सडू लागतं, आणि सकाळी पंप सुरू केला की ते थेट तळ्यात जातं.

हेडकडे येऊ. तळं दहा फूट लांब, सहा रुंद, दोन खोल, म्हणजे १२० घनफूट, साधारण ३,४०० लिटर. मासे थोडे असतील तर एवढं पाणी दोन तासांत एकदा फिरलं तरी चालतं. कोईसारखे खादाड मासे असतील तर दर तासाला. धबधब्याची कडा आठ इंच रुंद आहे. तिच्यावरून सलग पडदा पडायला दर सेंटिमीटरला ताशी दीडशे लिटर धरतात, म्हणजे तीन हजार. तेव्हा वरच्या कडेशी ताशी ३,४०० लिटर मिळाले की दोन्ही कामं भागली.

तुम्ही उंची पंपाच्या बुडापासून मोजून सहा फूट लिहिलीय. तसं नाही, ती पाण्याच्या पृष्ठभागापासून मोजायची. पंप किती खोल ठेवलाय याने फरक पडत नाही. म्हणजे चार फूट, १.२ मीटर. ‘याला कसलं हेड’ हे तुमचं म्हणणं इथवर बरोबर वाटतं. पण मध्ये पाइप आहे! एक इंची पाइप, बारा फूट लांबी, तीन एल्बो (काटकोनी जोड). एवढ्यातून ताशी ३,४०० लिटर न्यायचे तर घर्षणातच सुमारे १.२ मीटर हेड खर्ची पडतं, म्हणजे धबधब्याइतकाच दुसरा धबधबा. तीच लाइन दीड इंची केली तर हा तोटा २० सेंटिमीटरवर येतो. प्रवाह तोच ठेवून पाइपचा व्यास निम्मा केला तर घर्षण जवळजवळ ३२ पट होतं. पंपाच्या तोंडाला अर्धा इंची नळी बसते म्हणून पुढेही तीच नेणारे लोक मग कंपनीला शिव्या देतात. पाइपवर थोडे पैसे जास्त घालवा, ते वॅटमध्ये वसूल होतात.

तर दीड इंची पाइप धरून तुम्हाला हवाय तो पंप दीड मीटर हेडला ताशी ३,४०० लिटर देणारा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा शून्य हेडचा असतो, आणि ‘कमाल हेड’ म्हणून दिलेल्या उंचीला थेंबही येत नाही. बाजूला आलेख असेल तर तो बघा. नसेल तर कमाल हेड तीन मीटरच्या आसपास आणि खोक्यावर पाच-सहा हजार लिटर, अशा पंपांत शोधा. ते ६० ते १०० वॅटमध्ये मिळतात. शेजाऱ्यांनी सुचवलेला कूलरचा पंप इथे कामाचा नाही. त्याचं कमाल हेड बहुधा दोन मीटरच्या आतबाहेर असतं, त्यामुळे तुमच्या कडेला नुसती धार येईल. कुंडीतल्या कारंज्याला तो उत्तम.

तुमचा ओपनवेल दोनदा रिवाइंड झाला, म्हणजे मोटरची तार दोनदा नव्याने गुंडाळावी लागली, आणि दोष तुम्ही व्होल्टेजला दिलात. असेलही. पण त्याची नेमप्लेट एकदा वाचा. अशा पंपांवर बहुतेकदा हेडचा पट्टा लिहिलेला असतो, सहा मीटरपासून पुढे वगैरे. त्याला दीड मीटरवर मोकळा सोडला तर तो नेमलेल्यापेक्षा जास्त पाणी फेकतो, मोटर जास्त करंट ओढते आणि तापते. गंमत म्हणजे व्हॉल्व्हने दाबता तेव्हा मोटरला उलट आराम मिळतो, पण जी वीज भरता तिच्यातली बरीचशी त्या व्हॉल्व्हमध्येच जिरते.

लोडशेडिंगचा मुद्दा तुम्ही काढला नाहीत, तो मीच काढतो. ८० वॅटचा पंप घरच्या १५० एएचच्या बॅटरीवर रात्रभर निघतो. अर्धा एचपी सुरू होतानाच इन्व्हर्टरची परीक्षा बघेल.

आणखी दोन गोष्टी. तळ्यात ठेवायची मोटर तेल भरलेली नको. सील गेलं की तेल पाण्यात, आणि मग माशांचं काही खरं नाही. दुसरी जास्त महत्त्वाची. तुम्ही पंप चालू असताना हात घालून जाळी साफ करता म्हणे. रिवाइंड केलेल्या मोटरजवळ, पाण्यात हात! काका, हे आजच बंद करा. त्या लाइनवर ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) बसवून घ्या, आणि तो असला तरी प्लग काढल्याशिवाय हात ओले करू नका.

बोअरच्या क्षाराबद्दल विचारलंय. रोटरवर पांढरा थर दिसला की पंप लिंबूफुलाच्या पाण्यात काही तास बुडवून ठेवा आणि धुऊन घ्या. दर उन्हाळ्यात करावं लागेल.

‘मग हा ओपनवेल फेकून देऊ का?’ मुळीच नको. तळं साफ करताना उपसायला त्याच्यासारखा दुसरा नाही, आणि ते गढूळ पाणी झाडांना फार मानवतं. फक्त आधी मासे बाजूला काढून ठेवा.

नवा पंप बसला की धबधब्याच्या कडेशी पाइप काढून पंधरा लिटरची बादली लावा. सोळा सेकंदांत भरली तर ताशी ३,४०० लिटरचं गणित जुळलं. वीस-बावीस लागले तर आधी एल्बो आणि जाळी बघा, पंपाला दोष नंतर. आणि ओपनवेलच्या नेमप्लेटवर हेडचे काय आकडे आहेत ते इथेच कळवा, म्हणजे रिवाइंडिंगचं नक्की काय ते बघता येईल.