मोटर म्हणजे मोठा दिवा नव्हे

विजेच्या ट्राम आणि रेल्वेगाड्या घडवणारा अमेरिकन अभियंता फ्रँक स्प्रेग याच्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही मनापासून आणि सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं असं: विजेची गाडी सीमेन्सने १८७९ सालीच बर्लिनच्या प्रदर्शनात चालवली, एडिसनने १८८२ मध्ये न्यूयॉर्कला दिव्यांना वीज देणारं पर्ल स्ट्रीटचं वीजघर उभारलं, मग दिव्याच्या जागी मोटर जोडणं एवढंच उरलं. तेव्हा स्प्रेग शोधक नव्हे, जुळवाजुळव करणारा. त्याचं नाव कुणाला माहीत नाही ते उगीच नाही.

पहिलेपणाचा मान सीमेन्सचाच. पण बर्लिनचं ते सुमारे ३०० मीटरचं रिंगण होतं. १८८१ मध्ये बर्लिनजवळच्या लिश्टरफेल्डला त्यांनी खरी प्रवासी ट्राम सुरू केली, तेव्हा वीज चालत्या रुळांमधूनच जायची. माणसं आणि घोडे रूळ ओलांडतात अशा गजबजलेल्या रस्त्यावर ते चालणारं नव्हतं.

माझा खरा विरोध ‘दिव्याच्या जागी मोटर’ या शब्दांना आहे. दिवा एका जागी राहून ठरलेली वीज घेतो. मोटर फिरू लागली की तिच्यात विजेचा उलटा दाब (व्होल्टेज) तयार होतो आणि येणाऱ्या विजेला आवरतो. उभ्या मोटरमध्ये तो नसतो, म्हणून गाडी सुटताना ती प्रचंड वीज ओढते. शिवाय रुळाच्या प्रत्येक सांध्यावर हादरे. मोटर डब्यात ठेवून पट्ट्याने चाक फिरवावं तर पट्टा घसरतो; चाकांच्या आसावर घट्ट बसवावी तर सगळे हादरे तिलाच. स्प्रेगने मोटरची एक बाजू आसावर टेकवली आणि दुसरी गाडीच्या सांगाड्याला स्प्रिंगवर टांगली. चाक उसळलं तरी मोटर आसाभोवती किंचित झुलते आणि गिअरचे दाते एकमेकांत नीट बसलेले राहतात. इतकं साधं आणि अचूक उत्तर सापडणं यालाच मी शोध म्हणतो.

व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरात विजेची ट्राम उभारण्याचा स्प्रेगचा करार १८८७ चा: १२ मैल मार्ग, ४० गाड्या, ९० दिवस. चढ काही ठिकाणी दहा टक्क्यांचे. मुदत टळली, मोटरी जळल्या, फिरत्या भागाला वीज पोचवणारे त्यांचे ब्रश झिजत राहिले, तरी २ फेब्रुवारी १८८८ ला सेवा सुरू झाली. त्याच वर्षी बॉस्टनच्या ट्राम कंपनीचे हेन्री व्हिटनी पाहणीला आले. एकाच ठिकाणी खोळंबलेल्या गाड्या एकदम सुटल्या तर वीज पुरेल का, ही शंका होती. स्प्रेगने रात्री २२ गाड्या ओळीने उभ्या केल्या आणि एकामागून एक सोडायला लावल्या. तारेतला दाब कोसळला, गाड्यांतले दिवे मिणमिणले, पण प्रत्येक गाडी हलली. दिव्याला जे सोसवत नाही ते सोसून चालणारी यंत्रणा त्याने बांधली होती.

एडिसनवर अन्याय म्हणाल, तर स्प्रेगने त्याच्याकडेच नोकरी केली होती. दिव्यांच्या तारांचं जाळं गणिताने आखण्याचं काम त्याने तिथे केलं. प्रकाशाच्या व्यवसायाचं ऋण आहेच. आणि नावाचं म्हणाल, तर १८९० मध्ये एडिसन जनरल इलेक्ट्रिकने त्याची कंपनी घेतली आणि यंत्रांवरून त्याचं नाव गेलं. नाव पुसलं गेलं म्हणून काम लहान ठरतं, हे मला मुळीच मान्य नाही.

शिकागोच्या उन्नत (रस्त्यावर उंच पुलांवरून धावणाऱ्या) रेल्वेसाठी स्प्रेगने केलेलं काम तर तुम्ही विचारातच घेतलेलं नाही. इंजिन पुढे लावलं की रुळांवरची पकड त्याच्या एकट्याच्या वजनाइतकीच. स्प्रेगने डब्यांनाच मोटरी दिल्या आणि पुढच्या एका हँडलने, बारीक तारांतून, सगळ्या डब्यांतले कंट्रोलर (मोटरींची वीज कमी-जास्त करणारी यंत्रं) एकदम हलवले. जुलै १८९७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीला सहा डब्यांच्या चाचणीत ते हँडल त्याच्या दहा वर्षांच्या मुलाने फिरवून दाखवलं. ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदरहून कुर्ल्याला निघालेली विजेची पहिली लोकल याच तत्त्वावर धावली, आणि आजही मोटरमन पुढच्या कॅबमधून मागच्या सगळ्या मोटर कोचना हुकूम देतो तो याच रीतीने.