आमच्या बाजूने सगळं ओके आहे

स्विचवर बीजीपीचा (वेगवेगळी नेटवर्कं एकमेकांना रस्ते, म्हणजे रूट, सांगतात तो प्रोटोकॉल) नेबर, म्हणजे शेजारचं नेटवर्क, लावणं हे कागदावर चार ओळींचं काम आहे. राउटर बीजीपी लिहून आपला एएस नंबर (नेटवर्कची ओळख सांगणारा आकडा) टाकायचा, नेबर लिहून समोरच्याचा आयपी, रिमोट-एएस लिहून त्याचा एएस नंबर, वर एक पासवर्ड. झालं. या प्रोटोकॉलचा पहिला आराखडा यॉकोव्ह रेख्टर आणि कर्क लॉहीड यांनी १९८९ साली जेवणाच्या टेबलावर, कागदी नॅपकिनांवर खरडला होता म्हणे. नॅपकिनवर मावलेलं ते प्रकरण माझ्या मात्र अख्ख्या रात्रीत मावत नाही.

रात्रच असते, कारण मेंटेनन्स विंडो, म्हणजे नेटवर्कला हात लावायची ठरवून दिलेली वेळ, कधी दिवसा मिळत नाही. दिवसा लोक जागे असतात आणि नेटवर्क बंद पडलं की त्यांना ते कळतं.

तर त्या चार ओळी टाकून मी 'शो आयपी बीजीपी समरी' मारतो. त्या तक्त्यातल्या शेवटच्या रकान्यात सगळा जीव अडकलेला असतो. तिथे आकडा, म्हणजे समोरून आलेल्या रूटची संख्या, आला तर शेजार जुळला. शब्द आला तर नाही जुळला. आणि सगळ्यात लबाड शब्द 'ॲक्टिव्ह'. माझ्या खांद्यावरून डोकावणारे साहेब तो वाचून खूश होतात, "अरे वा, ॲक्टिव्ह झालं की!" आता त्यांना कोण सांगणार, की १७९ नंबरच्या पोर्टवर कनेक्शन काही जमेना, म्हणून स्विच आता समोरूनच कोणी येतंय का याची वाट बघत ताटकळलाय. त्यात दोन प्रयत्नांच्या मधला टायमर आरएफसीने (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) सुचवलाय १२० सेकंदांचा. पडद्याकडे बघत बसलं की १२० सेकंद किती लांबलचक असतात ते कळतं.

मग फोन. पलीकडचे सर, म्हणजे समोरच्या नेटवर्कचे इंजिनियर, तत्पर. "सर, आमच्या बाजूने सगळं ओके आहे." हे वाक्य ते माझं बोलणं सुरू व्हायच्या आधीच म्हणतात. "पिंग जातोय ना सर?" जातोय. पिंगचं काय, पिंग म्हणजे नुसती 'आहेस का?' अशी हाक, तो कुठेही जातो. त्याला ना पासवर्ड लागतो, ना पोर्ट.

लॉगमध्ये एक ओळ सारखी उमटत असते: अमुक आयपीकडून चुकीचं एमडी५ डायजेस्ट. हे डायजेस्ट पासवर्डवरूनच काढतात, म्हणजे भांडण पासवर्डचं. यातली गंमत अशी, की पासवर्ड जुळला नाही तर टीसीपी (बीजीपीचं कनेक्शन ज्याच्यावर चालतं तो प्रोटोकॉल) समोरच्याला तसं कळवतही नाही, पॅकेट मुकाट्याने टाकून देतो. १९९८ च्या आरएफसीत तसंच लिहिलंय. पासवर्ड त्यांनीच ईमेलने पाठवलेला, आणि तो वाक्याच्या अगदी शेवटी. त्याच्यापुढे एक टिंब. आता हे टिंब पासवर्डातलं की वाक्यातलं? मी बिनटिंबाचा लावला होता. "सर, त्यात टिंब आहे का?" पलीकडे बराच वेळ कळफलकाची खडखड. "आहे सर. पण ते तर दिसतंय ना तुम्हाला?"

दिसतंय. व्याकरण इतक्या गांभीर्याने मी शाळेतही घेतलं नव्हतं.

टिंब लावलं आणि गाडी पुढे सरकली. ॲक्टिव्हवरून ओपनसेंट (आपली ओळख पाठवली), आणि तिथून धाडकन आयडल (परत पहिल्या पायरीवर). या खेपेला मात्र समोरचा स्विच निदान बोलला: नोटिफिकेशन २/२, म्हणजे तुमचा एएस नंबर आम्हाला मान्य नाही. मी सरांना आमचा नंबर वाचून दाखवला, एकेक अंक सुटा करून: सहा, चार, पाच, एक, दोन. "तेच आहे सर, सहा चार पाच दोन एक." मी पुन्हा म्हटलं, एक दोन. ते म्हणाले, हो हो, दोन एक. असं काही वेळ चाललं. शेवटी ते "होल्ड करा" म्हणाले.

(ओएसपीएफ, म्हणजे एकाच नेटवर्कच्या आत रूट ठरवणारा प्रोटोकॉल, याहून बरा, असं म्हणणारे भेटतात. तिथे 'मी आहे' सांगणारा हॅलो १० सेकंदांनी आणि शेजारी मेला असं धरायचा डेड टायमर ४०, हे दोन्हीकडे सारखंच लागतं. ते जुळलं तरी एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) वेगळा निघाला की जोडी एक्सस्टार्ट या अर्धवट पायरीला जाऊन बसते आणि उठत नाही. दगडापेक्षा वीट मऊ, एवढंच.)

होल्डवरून सर परत यायच्या आतच शेवटच्या रकान्यात आकडा आला. शून्य. शेजार जुळला, पण घेणं-देणं काही नाही. पुष्कळ उपकरणं धोरण (पॉलिसी, म्हणजे कोणते रूट घ्यायचे-द्यायचे याचा नियम) लिहिल्याशिवाय परक्या एएसशी रूट घेतही नाहीत, देतही नाहीत. २०१७ च्या आरएफसी ८२१२ ने तसा दंडकच घातलाय, आणि तो शहाणपणाचा आहे. माझं धोरण मी लिहिलेलं होतं. सरांना विचारलं, "रूट पाठवायची पॉलिसी लावलीय ना?" "सर, आमच्या बाजूने..." आणि मग शांतता. पुन्हा खडखड.

मी समरी मारत राहिलो. शून्य, शून्य, आणि मग एकदम १४.

"आले सर! काय बदललंत?"

"काहीच नाही सर. तुम्ही म्हणालात म्हणून फक्त एकदा बघितलं."